नव्या काउंटी जेलमध्ये बेड किती, हे ठरतं कुठे?

अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मतदानाला गेलं की राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर ही ठळक नावं संपल्यावर मतपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत स्थानिक प्रश्न सुरू होतात. शाळांसाठी रोखे काढायचे का, ग्रंथालयाचा कर चालू ठेवायचा का, आणि अधूनमधून असाही एक प्रश्न: काउंटीच्या नव्या जेलसाठी इतके कोटी डॉलर कर्ज काढायला तुमची संमती आहे का? एडिसन, नेपरव्हिल, प्लेनो, फ्रीमॉंट अशा ठिकाणी स्थायिक झालेली, नागरिकत्व घेतलेली मराठी माणसं इथवर येऊन थबकतात. जेलशी आपला काय संबंध, म्हणून कुणी 'नाही'वर खूण करतं. गुन्हेगारांना ठेवायला जागा तर हवीच ना, म्हणून कुणी 'हो'वर. कर्ज फिटणार असतं घरपट्टीतून किंवा विक्रीकरातून, म्हणजे तुमच्याच खिशातून. प्रस्तावात बेडचा एक आकडा असतो: ५००, ८००, १२००. तो आकडा कसा काढला, हे मात्र त्या कागदावर नसतं.

हा हिशेब समजायला कठीण नाही. फक्त तो आपल्याला वाटतो तिथे होत नाही.

आधी जेल म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत सुमारे ३,१०० काउंट्या आहेत, कुठे आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठ्या, कुठे तालुक्याएवढ्या. जवळपास प्रत्येकीचं स्वतःचं जेल असतं आणि ते बहुतेक ठिकाणी निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, चालवतो. खून-दरोड्यासाठी दहा-वीस वर्षांची शिक्षा झालेली माणसं इथे नसतात, ती राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. काउंटी जेलमध्ये येतात ते नुकतेच पकडलेले, खटला चालू असलेले, जामिनाचे पैसे न भरू शकलेले, आणि वर्षाच्या आतली किरकोळ शिक्षा भोगणारे. २०२२ साली देशभरच्या अशा जेलांत एका दिवशी साधारण ६ लाख ६३ हजार माणसं होती. त्यांतल्या दहापैकी सातजणांवर अजून कुठलाच गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर कच्चे कैदी.

त्याच वर्षी या जेलांच्या दारातून आत जाण्याच्या नोंदी होत्या ७३ लाख. म्हणजे दर दिवशी सरासरी वीस हजार. एकाच माणसाच्या चार-चार नोंदीही त्यात आल्या. आत सहा-साडेसहा लाख आणि वर्षाला येणारे ७३ लाख, या दोन आकड्यांमध्ये जो दुवा आहे, तोच या सगळ्या विषयाचा पाया आहे.

दोनच आकडे

दुपारच्या गर्दीच्या मिसळीच्या हॉटेलात किती टेबलं हवीत हे कशावर ठरतं? तासाला किती गिऱ्हाइकं येतात यावर, आणि एकेक जण किती वेळ ठाण मांडून बसतो यावर. येणारे तेवढेच असले, पण प्रत्येकजण चहा मागवून अर्धा तास जास्त बसला, तर बाहेर रांग लागते. जेलचंही अगदी तसंच. रोज किती माणसं आत येतात, गुणिले सरासरी किती दिवस राहतात, बरोबर रोजची सरासरी संख्या. जॉन लिटल या अभ्यासकाने हा नियम १९६१ साली गणिताने सिद्ध केला आणि तो कुठल्याही रांगेला लागू पडतो. पडताळा घ्या: २०२२ साली सरासरी मुक्काम ३२ दिवसांचा होता. ७३ लाख गुणिले ३२ भागिले ३६५ केलं की ६ लाख ४० हजार येतात. मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ.

आता गंमत अशी की या दोन आकड्यांपैकी एकही जेलच्या हातात नसतो. किती येतील ते पोलीस ठरवतात. किती दिवस राहतील ते जामीन ठरवणारा न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील आणि कोर्टाची तारखांची डायरी ठरवते. शेरीफ फक्त खोल्यांच्या किल्ल्या सांभाळतो. तरीही बेड कमी पडले की बोट त्याच्याकडे दाखवलं जातं, आणि मग तोच काउंटी बोर्डापुढे नव्या इमारतीची मागणी घेऊन उभा राहतो.

सरासरी ३२ दिवस म्हटलं की डोळ्यांपुढे महिनाभर राहणारी माणसं येतात. तसे फार थोडे असतात. खरं चित्र दिसायला एक काल्पनिक काउंटी घेऊ. रोज दहाजण आत येतात, वर्षाला ३,६५०. त्यांतले निम्मे दोन दिवसांत सुटतात: दारू पिऊन गाडी चालवलेले, कोर्टाची तारीख चुकवलेले, जातमुचलक्यावर सोडलेले. चाळीस टक्के साधारण वीस दिवस राहतात. उरलेले दहा टक्के सरासरी १५० दिवस. यांच्यावर गंभीर आरोप असतो, किंवा जामिनाची रक्कम झेपत नसते, किंवा मानसिक आजारामुळे खटल्याला उभं राहण्याइतकी शुद्ध नसते म्हणून राज्याच्या मनोरुग्णालयात जागा होण्याची वाट बघत ते बसलेले असतात.

आता बेड मोजा. निम्म्या लोकांना मिळून लागतात १० बेड. चाळीस टक्क्यांना ८०. आणि शेवटच्या दहा टक्क्यांना १५०. एकूण २४०.

म्हणजे दारातून आत येणारा दर दुसरा माणूस जेलच्या गर्दीत जवळपास मोजण्यात येत नाही. पोलिसांनी उद्यापासून या निम्म्या लोकांना पकडून न आणता जागेवरच समन्स देऊन सोडलं, तरी २४० पैकी फक्त दहा बेड मोकळे होतील. त्याउलट, कोर्टाने त्या शेवटच्या दहा टक्क्यांचे खटले १५० ऐवजी १२० दिवसांत निकालात काढले, तर तीस बेड मोकळे होतात, आणि एकही आरोपी लवकर 'सुटत' नाही. फक्त निकाल लवकर लागतो. लोकांच्या सभेत 'गुन्हे वाढलेत, जेल अपुरं पडतंय' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हा की येणारे वाढलेत की मुक्काम वाढलाय. अनेकदा मुक्कामच वाढलेला असतो. देशपातळीवरही हेच झालं. २०१९ साली सरासरी मुक्काम २६ दिवसांचा होता, तो तीन वर्षांत ३२ वर गेला. महामारीत कोर्टं तुंबली, आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी आत टाकणं कमी झाल्यावर उरले ते जास्त दिवस राहणारे.

एकेका माणसाचं वजन किती असू शकतं बघा. २०१० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पाठीवरची बॅग चोरल्याच्या आरोपावरून सोळा वर्षांच्या एका मुलाला पकडलं. जामीन ठरला ३ हजार डॉलर. घरच्यांकडे तेवढे नव्हते. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि तो जवळजवळ तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. शेवटी खटला न चालताच आरोप मागे घेतले गेले. बाहेर आल्यावर दोन वर्षांनी त्याने आत्महत्या केली. माणूस म्हणून त्याचं जे झालं ते झालंच, पण बेडच्या कोरड्या हिशेबातही बघा: त्या एका मुलाने वापरलेल्या बेडवर दोन दोन दिवस राहणारे पाचशेच्या वर लोक येऊन गेले असते.

आपल्याकडे हे वाचून कुणी हसू नये. मुंबईच्या आर्थर रोड जेलची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे आणि आत कित्येक पटींनी माणसं कोंबलेली असतात. देशभरच्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी, ही २०२२ची सरकारी आकडेवारी आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडावं, अशी तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, गंभीर गुन्हे वगळून. ती मुक्कामाचे दिवस कापायची तरतूद आहे. अमलात आली, तर कुठलीही वीट न रचता बेड मिळतात.

२४० चे ३२५ कसे होतात

सरासरी २४० निघाली म्हणून २४० बेड बांधले, तर वर्षातल्या जवळपास निम्म्या रात्री माणसं जमिनीवर झोपतील. म्हणून गर्दीच्या दिवसांसाठी वर काही टक्के धरतात. गर्दीलाही चाल असते. शुक्रवारी-शनिवारी रात्री अटका होतात, शनिवार-रविवार कोर्ट बंद, काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारची शिक्षा भोगायला येणारे असतात, त्यामुळे आकडा चढतो तो सोमवारी सकाळी न्यायाधीश बसेपर्यंत. आपल्या काउंटीत शिखराचे दिवस सरासरीच्या पंधरा टक्के वर जातात असं धरू. २७६ झाले.

इथे एक बारकावा आहे. बऱ्याच ठिकाणी शिरगणती मध्यरात्री होते. दुपारी पकडून आणलेला, बोटांचे ठसे, फोटो, नर्सची तपासणी होऊन रात्री नऊला जामिनावर गेलेला माणूस त्या गणतीत येतच नाही. पण त्याला बसायला जागा, लघवीला जागा, दारूच्या नशेत असला तर लक्ष ठेवायला माणूस, हे सगळं लागतं. बेडचा हिशेब बरोबर आणि प्रवेशाची खोली कबुतराच्या खुराड्याएवढी, अशी नवी जेलं बांधली गेली आहेत.

पुढची पायरी सामान्य माणसाच्या डोक्यात सहसा येत नाही. जेलमधला कुठलाही रिकामा बेड कुठल्याही माणसाला देता येत नाही. बायका आणि पुरुष वेगळे. अठरा वर्षांखालचे कुणी असले तर मोठ्यांच्या नजरेआड आणि आवाजाच्याही पलीकडे ठेवायचे, हे केंद्राच्या नियमात आहे. हिंसक आरोपी आणि चेक न वटल्याच्या प्रकरणातला माणूस एका ठिकाणी नको. दोन विरोधी टोळ्या एकत्र नकोत. एकाच गुन्ह्यातले दोन साथीदारही नकोत, कारण रात्री बसून जबानी जुळवतील. क्षयाचा संशय असलेला वेगळा. डिटॉक्समध्ये, म्हणजे नशा उतरवण्याच्या उपचारात असलेला वेगळा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवलेला माणूस सतत नजरेखाली. पोलीस खात्यातलाच कुणी आरोपी असला तर त्याला सगळ्यांपासूनच लपवायचं.

एखाद्या मंगळवारी रात्री अकराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बायकांच्या विभागात ३२ बेड, आत १९ जणी. पुरुषांच्या कडक बंदोबस्ताच्या विभागात ४८ बेड, ४८ जण. साध्या विभागात आठ बेड रिकामे. दारात पोलीस एका माणसाला घेऊन उभे आहेत, आरोप चाकूहल्ल्याचा. इमारतीत एकवीस बेड रिकामे आणि याला द्यायला एकही नाही. शिवाय नळ फुटलाय, कडी बिघडलीय, रंगकाम चाललंय म्हणून दोन-चार खोल्या नेहमी बंद असतातच. वैद्यकीय खोल्या आणि शिक्षेच्या कोठड्या तर क्षमतेत मोजायच्याच नसतात, पण प्रस्तावातला आकडा फुगवायला काही जण त्या मोजतात.

म्हणून जेल बांधणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: बेड ८५ टक्क्यांच्या आसपास भरले की जेल भरलं असं समजा. काहीजण ८० म्हणतात. जेल जितकं लहान तितका हा टक्का खाली येतो, कारण ६० बेडच्या जेलला सुद्धा बायकांचा वेगळा विभाग लागतोच. २७६ ला ०.८५ ने भागलं की ३२५. सरासरी २४० माणसांसाठी ३२५ बेड, ही उधळपट्टी नाही. उलट कुणी '२४० माणसं आहेत, २५० बेड पुरे' असं म्हणत असेल तर त्याने जेल आतून पाहिलेलं नाही.

न पुरल्यावर काय होतं, हेही ठाऊक असावं. एका माणसासाठी बांधलेल्या खोलीत दुसरा पलंग ठोकतात. १९७९ साली न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कच्च्या कैद्याला शिक्षा म्हणून त्रास देता येणार नाही, पण नुसतं दोघांना एका खोलीत ठेवणं घटनाबाह्य नाही. त्या निकालानंतर दोन पलंगांच्या खोल्या सर्रास झाल्या. दोघंही मावेनात, तर जमिनीवर प्लॅस्टिकचा पसरट, काठ असलेला ट्रे टाकून त्यात गादी घालतात. कैदी आणि पहारेकरी दोघंही त्याला 'बोट', म्हणजे होडी, म्हणतात. चांगल्या जेलचा प्रचलित निकष माणशी ३५ चौरस फूट मोकळ्या जागेचा आहे. बोट टाकली की निकष संपला. तिसरा मार्ग म्हणजे शेजारच्या काउंटीत बेड भाड्याने घेणं. मग शेरीफच्या गाड्या दिवसभर कोर्ट ते परगाव अशा फेऱ्या मारत राहतात आणि वकिलाला आपल्या अशिलाला भेटायला तासभर गाडी चालवावी लागते. पुन्हा तारीख पुढे जाते आणि पुन्हा मुक्काम वाढतो.

पुढची वीस वर्षं

इथवरचा हिशेब आजचा झाला. इमारत मात्र मंजुरीपासून उघडेपर्यंत पाच-सहा वर्षं घेते आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं वापरायची असते. मग सल्लागार कंपनी मागच्या पंधरा वर्षांचे आकडे घेते, त्यांतून रेघ ओढते आणि ती तशीच पुढे ताणते. सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो.

१९८३ साली अमेरिकेच्या काउंटी जेलांत साधारण २ लाख २४ हजार माणसं होती. २००८ साली ७ लाख ८५ हजार. पंचवीस वर्षांत साडेतीन पट, आणि लोकसंख्या तेवढ्यात तिसऱ्या हिश्श्यानेही वाढली नव्हती. या काळात ज्याने वर जाणारी रेघ ओढली तो दरवेळी बरोबर ठरला. मग २००८ नंतर रेघ वाकली. २०२० च्या मध्याला, महामारीत, आकडा साडेपाच लाखांवर आला. त्यानंतर पुन्हा साडेसहा लाखांपुढे. २००७ साली रेघ ओढून कर्ज काढलेल्या काउंट्या आजही त्याचे हप्ते भरत आहेत.

रेघ वाकते ती माणसं सुधारतात म्हणून नव्हे, तर कायदे बदलतात म्हणून. कॅलिफोर्नियात २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला बजावलं की तुरुंगांतली संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा. राज्याने त्याच ऑक्टोबरपासून कमी गंभीर गुन्ह्यांतले लोक काउंटीच्या गळ्यात घातले. वर्षाच्या आतल्या मुक्कामासाठी बांधलेल्या जेलांत चार-पाच वर्षांची शिक्षा झालेली माणसं राहायला आली. ना मैदान, ना वर्ग, ना काम. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी किरकोळ चोरी आणि अंमली पदार्थ बाळगणं यांची शिक्षा खाली आणली, जेलं उसासली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनीच त्यातलं बरंच पुन्हा कडक केलं. तेरा वर्षांत तीन वळणं. कुठल्या सल्लागाराची रेघ यात टिकेल?

न्यू जर्सीचं उदाहरण उलट बाजूचं. १ जानेवारी २०१७ पासून तिथे रोख जामीन जवळपास बंद झाला. पैसे आहेत का याऐवजी हा माणूस तारखेला येईल का, बाहेर राहून कुणाला धोका आहे का, हे बघून न्यायाधीश ठरवू लागले. तयारीच्या काळापासून धरलं, तर २०१५ ची अखेर ते २०१८ ची अखेर या तीन वर्षांत राज्यातले कच्चे कैदी सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. २०१५ साली तिथल्या एखाद्या काउंटीने जादा विभाग बांधायला घेतला असता, तर तो उघडला तेव्हा आत ठेवायला कुणी नसतं.

माझ्या मते म्हणूनच शहाणपण एका आकड्यात नाही, तीन आकड्यांत आहे. सल्लागाराने सांगावं: आहे तसंच चालू राहिलं तर इतके बेड, खटले तीस दिवस लवकर निघाले तर इतके, जामिनाचा कायदा बदलला तर इतके. आणि इमारत अशी आखावी की स्वयंपाकघर, धुलाई, प्रवेशाची जागा, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी सुरुवातीलाच मोठ्या करायच्या, कारण त्या नंतर वाढवता येत नाहीत. झोपायचे विभाग मात्र आजच्यापुरते, बाजूला मोकळी जमीन ठेवून. एकच आकडा आणि एकच आराखडा घेऊन आलेल्या सल्लागाराला तर मी फीसुद्धा देणार नाही.

रिकामे बेड

जास्त बांधलं तर काय बिघडलं, राहतील रिकामे, असं वाटणं साहजिक आहे. रिकामे बेड सहसा राहत नाहीत. बेड हाताशी आहे म्हटल्यावर न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस सगळ्यांचा हात थोडा सैल होतो. शिवाय केंद्राच्या कोर्टांचे कैदी सांभाळणारे मार्शल, स्थलांतर खातं, राज्याचा तुरुंग विभाग यांना बेड भाड्याने हवेच असतात आणि माणशी रोजचे पैसे मिळतात. लुइझियानात राज्याचे जवळपास निम्मे शिक्षा झालेले कैदी स्थानिक शेरीफांकडे याच हिशेबाने असतात. भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचे हप्ते फेडू, असं सांगून मग गरजेपेक्षा मोठं जेल मंजूर करून घेतलं जातं.

मोंटाना राज्यात हार्डिन नावाचं साडेतीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथे २००७ साली २ कोटी ७० लाख डॉलरचे रोखे काढून ४६४ बेडचं बंदिगृह उभारलं. कैदी दुसऱ्यांकडून येणार होते. कुणी पाठवलेच नाहीत. वर्षभरात रोख्यांचे हप्ते थकले. २००९ साली गावाच्या कौन्सिलने ठराव करून ग्वांतानामोचे कैदी आमच्याकडे द्या असं सुचवलं, वॉशिंग्टनने ते मनावर घेतलं नाही. मग एका खासगी 'पोलीस दला'चा प्रमुख म्हणवणारा माणूस मर्सिडीज गाड्या घेऊन गावात आला आणि करार करू लागला. वार्ताहरांनी खोदल्यावर निघालं की तो फसवणुकीत शिक्षा भोगून आलेला ठग होता. जेल भरायला निघालेल्या गावाच्या दारात शेवटी एक माजी कैदी आला, तोही जेल चालवायला. खरं आहे, पण कुणी नाटकात लिहिलं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, अती होतंय.

याहून शिकवणारी गोष्ट ओरेगॉनमधल्या मल्टनोमा काउंटीची, म्हणजे पोर्टलंडची. १९९६ साली मतदारांनी जेलसाठी रोख्यांना होकार दिला. पण त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी घरपट्टीवर मर्यादा घालणारे प्रस्तावही मंजूर झाले. रोख्यांच्या पैशांतून फक्त बांधकाम करता येतं, पगार देता येत नाही. २००४ साली वापाटो जेल तयार झालं: ५२५ बेड, खर्च ५ कोटी ८० लाख डॉलर. चालवायला पैसे नव्हते म्हणून एकही कैदी तिथे कधी झोपला नाही. चित्रीकरणाला भाड्याने दिलं, देखभालीवर दरवर्षी लाखो डॉलर घातले, आणि २०१८ साली ५० लाखांना विकून टाकलं. नंतर तिथे बेघरांसाठी निवारा सुरू झाला.

वापाटोचं मोजमाप चुकलं नव्हतं, चालवण्याचा हिशेब चुकला होता. जेलचा एक पहारा, म्हणजे एका खुर्चीवर चोवीस तास, वर्षभर एक माणूस बसवायचा, तर वर्षाचे ८,७६० तास भरावे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण वगळता एक कर्मचारी साधारण १,७०० तास हाताला लागतो. म्हणजे एका खुर्चीमागे पाचाहून जास्त माणसं. विभाग कसे आखले यावर खुर्च्या किती ते ठरतं. जुन्या पद्धतीच्या लांब बोळांच्या जेलात पहारेकरी फेरी मारतो तेवढाच वेळ त्याला दिसतं. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने मार्टिनेझला वेगळा नमुना उभारला: मधे मोठी बैठकीची खोली, भोवती दोन मजल्यांवर खोल्या, आणि पहारेकऱ्याचं टेबल गजांशिवाय कैद्यांच्या मधेच. एक माणूस पन्नास-साठ जणांना सांभाळू शकतो, मारामाऱ्याही कमी होतात. पण विभाग चुकीच्या आकाराचे पाडले, सोळा सोळा बेडचे, तर तेवढ्याच कैद्यांसाठी तीन-चारपट खुर्च्या आणि त्यांचा पगार इमारत उभी आहे तोवर. तीस वर्षांचा खर्च मांडला तर बांधकाम त्यातलं जेमतेम दहा टक्के असतं, हा जाणकारांचा ठोकताळा. मतपत्रिकेवर विचारतात ते या दहा टक्क्यांबद्दल.

सध्या या विषयातला सगळ्यात मोठा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये चालू आहे. रायकर्स बेट बंद करून चार बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या चार विभागांत, चार नवी जेलं बांधायचं शहराने २०१९ साली ठरवलं. त्या वेळी आत सुमारे सात हजार माणसं होती आणि नवी जेलं आखली ३,३०० जणांसाठी. कायदे सुधारतायत, संख्या उतरतेय, असा भरवसा होता. २०२० च्या वसंतात ती खरंच चार हजारांच्या खाली गेली. मग चढली, सहा हजारांपुढे. आराखडा सुधारून बेड ४,१६० च्या आसपास केले, खर्च ८७० कोटी डॉलरवरून दीड हजार कोटींच्या घरात गेला, तरी जागा आणि माणसं जुळत नाहीत.

आत येणारे वाढले म्हणून नव्हे. २०१४ च्या आर्थिक वर्षात न्यूयॉर्कच्या जेलांत सुमारे ७७ हजार प्रवेश झाले होते आणि माणूस सरासरी पन्नास-पंचावन्न दिवस राहायचा. हल्ली प्रवेश वीस-पंचवीस हजारांवर आले आहेत आणि मुक्काम शंभर दिवसांच्या पुढे गेला आहे. कायद्याने रायकर्स ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस बंद व्हायला हवं, नव्या इमारती मात्र त्यानंतरच तयार होणार आहेत. न्यूयॉर्क राज्याचे माजी मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांच्या आयोगाने मार्च २०२५ मध्ये ती तारीख गाठता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. आणि संख्या खाली आणण्यासाठी त्यांनी सुचवलं काय, तर कोर्टांनी खटले लवकर निकालात काढावेत आणि गंभीर मानसिक आजाराच्या माणसांसाठी बंदोबस्तातल्या रुग्णालयांतल्या खाटा वाढवाव्यात.